साधं पाणी

अनंताने लाकडी काठी टाकीत बुडवून वर काढली आणि खळीची धार कुठे तुटते ते डोळे बारीक करून पाहिलं.

"अजून पातळ हाय," तो म्हणाला. "वाफ चालू ठेव."

हाताखालच्या जमीलने वाफेचा कॉक पुन्हा सोडला. "चाचा, घर नहीं जाना क्या? तुम्हारी शिफ्ट तो कबकी खतम हुई."

"जाता हूं ना. खळ बिघडी तो धागा तेरेकोच जोडना पडेगा."

भिवंडीतल्या त्या सायझिंगच्या कारखान्यात अनंता तरुणपणापासून खळ शिजवत आला होता. मागावर चढण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला स्टार्चची खळ पाजावी लागते. ती पातळ झाली की सूत सगळी पिऊन टाकतं आणि तरी मागावर पटापट तुटतं. दाट झाली की वरच्या वर बसते आणि पोपडे होऊन गळते. त्यात पुन्हा गरम असताना तिचा दाटपणा एक, निवल्यावर भलताच. अलीकडे मालकाने तो मोजायला बुडाला भोक असलेला पेला आणला होता; त्यातून खळ गळायला किती वेळ लागतो ते बघायचं. अनंता तोही वापरायचा. पेला आपल्यापेक्षा बरा सांगतो असंही म्हणायचा.

घरी जाऊन त्याला हेच काम करायचं असे. दिवाळीच्या तोंडावर त्याच्या बायकोला, कमळला, अर्धांगवायूचा झटका आला होता. हातपाय थोडेफार सावरले, जीभही अडखळत का होईना बोलू लागली, पण घसा काही सावरला नाही. गुरगुट्या भात गिळता यायचा. पाणी मात्र सरळ श्वासनळीत शिरायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "पातळ काही द्यायचं नाही. पाणी, चहा, सगळं मधासारखं दाट करा आणि चमच्याने भरवा. छातीत पाणी गेलं तर वाचवणं अवघड होईल." पोटी मूलबाळ नाही, भाऊबंद जमिनी विकून कधीच पांगलेले. अनंताला या जगात कमळ होती, बास. त्याने डॉक्टरीणबाईंचं बोलणं काळजात धरून ठेवलं.

तो आरारूट शिजवून तिच्या पाण्यात मिसळायचा. सुरुवातीला एक गोष्ट त्याला उमगेना. वाटी भरलेली असताना पाणी ठीक असायचं, पण तळाशी आलं की पातळ व्हायचं आणि कमळला ठसका लागायचा. कारखान्यात खळीत घालायची औषधं विकायला येणाऱ्या माणसाला त्याने विचारलं. तो हसला. "काका, थुंकीनं स्टार्च फुटतो. तोंडातला चमचा परत वाटीत घालू नका." तेव्हापासून दोन वाट्या झाल्या, दोन चमचे झाले, एक काढायला, एक भरवायला. लग्नापासून ती दोघं एका ताटात जेवत आली होती. आता अनंताला तिचा चमचासुद्धा तिच्याच वाटीपासून लांब ठेवावा लागे. याचं त्याला फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

त्या दिवशी जमीलला टाकीजवळ सोडून तो रिक्षाने आपल्या गावी, अंजूरला उतरला. गोदामांच्या मागच्या वाटेने घराशी आला, तर आतून कमळचं हसू ऐकू आलं. झटका आल्यापासून ती हसली नव्हती. तो हरखून आत गेला. शेजारची रंगूबाई तिच्या उशाशी बसली होती. दिवसभर कमळजवळ तीच असायची. तिच्या हातात माठातल्या पाण्याचा पेला होता, अर्धा रिकामा.

"काय दिलंस तिला?" अनंताचा आवाज चढला.

"पानी दिलं. साधं. सकालपासून रडत व्हती रं. मातीचं ढेकूल बी पानी पितंय, मानसानं नको? जरा खोकली, पन बघ तोंडावर कसं तेज आलंय."

"मारशील तिला. उद्यापासून माझ्या दारात येऊ नकोस."

रंगूबाईने पेला खाली ठेवला. "येवडं करतोस तिच्यासाठी," ती चपला घालता घालता म्हणाली, "एकदा तिला बी इचार." आणि गेली.

अनंताने माठ उचलून पडवीत नेला. कमळ त्याच्याकडे बघत होती.

"आवो," ती हळूहळू म्हणाली, "गार लागलं. घशात. लई दिसांनी."

"ठसका लागंल, कमळ."

"लागू द्या. घोटभर द्या ना."

त्याने आरारूट कालवून आणलं. ती दोन चमचे प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्यानंतर ती मागायची थांबली. बोलायचीही थांबली. अनंताने कारखान्याला रजा टाकली, दिवसभर तिच्याजवळ बसू लागला. तो कारखान्यातल्या, जमीलच्या, गावातल्या गोष्टी सांगायचा. ती भिंतीकडे बघून वाटीतलं दाट पाणी गिळायची. एका खोलीत दोन माणसं असून घर इतकं रिकामं होऊ शकतं हे त्याला ठाऊक नव्हतं. कधी कधी हात पडवीतल्या माठाकडे जायचा आणि मागे यायचा. ती गेली तर मी कुणाकडे बघू, हा एकच विचार त्याला आवरून धरायचा. आपण तिला जगवतोय की आपल्यासाठी अडवून ठेवलंय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

इतकं सगळं जपूनही माघात तिला ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली, आणि सकाळी दूधवाला येऊन जायच्या वेळेला ती श्वासासकट थांबली.

गावातली माणसं जमली. रंगूबाईही आली, दाराशी क्षणभर घुटमळली आणि मग कुणी बोलावण्याची वाट न पाहता आत येऊन कामाला लागली. तिने कमळचे केस सारखे केले, पेल्यात पाणी घेतलं, त्यात तुळशीचं पान टाकलं आणि पेला अनंताच्या हातात दिला.

"घाल तिच्या तोंडात."

अनंता पेला घेऊन उठला आणि चुलीकडे निघाला.

"अरं, कुठं चाललास?"

"आरारूट घालतो," तो म्हणाला. "पातळ हाय."

रंगूबाईने त्याचा दंड धरून त्याला परत आणलं आणि कमळजवळ बसवलं.

"आता न्हाय लागत तिला," ती म्हणाली. "साधंच घाल."

त्याने तुळशीच्या पानाने ओठांवर पाणी सोडलं. थोडं आत गेलं, बाकीचं ओघळून गालावरून कानाशी उतरलं. अनंताने घाईघाईने सदऱ्याच्या बाहीने ते टिपलं, तिची मान हलकेच एका बाजूला वळवून धरली, आणि ठसका लागतोय का ते बघत तसाच बसून राहिला.