दीड महिन्याचं पाणी

मित्रांनो, माझ्या अंगावरचे पोचे मोजायला बसू नका, संध्याकाळ होईल. मी पोहरा आहे. विहिरीतून पाणी काढायचा लोखंडी पोहरा. माझा तळ गंजून गेला आहे, त्यामुळे आता मला कुणी विचारत नाही. त्याची माझी तक्रार नाही. मला एका मुलीच्या पायाविषयी सांगायचं आहे. गावात त्याविषयी खोटं बोललं जातं, आणि मी ते सारं हातभर अंतरावरून पाहिलेलं आहे.

जवळा बाजार या गावच्या एका लोहाराने मला घडवलं. साल असावं एकोणीसशे पस्तीस. आमच्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं. पत्रा जाड निवडला, कडी दोनदा तापवून वळवली आणि मला पाण्याच्या हौदात बुडवून तो म्हणाला, "थेंब गळला तर फुकट घेऊन जा." थेंब गळला नाही. नर्मदाबाईंनी मला घेतलं. त्या आमच्या गावच्या व्यंकटराव पाटलांच्या विधवा भावजय. आवाज इतका हळू की विहिरीवर त्या बोलल्या तर बाकीच्या बायांना गप्प बसावं लागे. चातुर्मासाचा नेम पुरा झाला तेव्हा त्यांनी सुवासिनीच्या हातून मला हळदकुंकू लावलं आणि गावच्या विहिरीला दान दिलं. त्या दिवसापासून आणखी एक नेम धरला. कुणा तहानेल्याच्या भांड्यात पाणी घातल्याशिवाय तोंडात अन्न घालायचं नाही.

तहानेले शोधायला लांब जावं लागत नसे. ओढ्यापलीकडे तांडा होता. एके काळी बैलांच्या पाठीवरून धान्य वाहणारी ती माणसं, आता लोकांच्या शेतात राबत. त्यांच्या बायका सकाळी विहिरीपासून दहा पावलांवर घागरी ठेवून बसत. नर्मदाबाई मला भरून काढत, तिथवर नेत आणि वरून धार धरत. घागर खाली, मी वर, मध्ये हातभर मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेला गाव आचार म्हणत असे. खरं सांगायचं तर नर्मदाबाईही तेच म्हणत.

"काकू, धार जपून धरा," मंजुळाबाई रोज बजावत. त्यांचं घर विहिरीला लागूनच होतं आणि विहीर आपल्याच माहेरून आणल्यासारख्या त्या वागत. "त्या लमाणणीच्या घागरीचे शितोडे उडाले तर तुमचा पोहरा बी गेला आन आमची हीर बी गेली."

"आमच्या घागरीला काय खरूज झाली का, बाई?" तांड्याची रुक्माबाई बसल्या जागेवरून विचारी. मागच्या बायका पदराआड हसत.

घरटी एकच घागर मिळे. रुक्माबाई ती आपल्या जमनीसाठी राखून ठेवी. जमनी तीन वर्षांची होती. हिरीचं पाणी गोड, लेकराला हेच, एवढाच रुक्माबाईचा विचार. बाकी घर बारवेचं पाणी पिई. ही बारव ओढ्याकाठी होती, पायऱ्यांची. पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभं राहून घागर बुडवायची. तांड्याकडे ना रहाट होता, ना दोर, ना माझ्यासारखा पोहरा.

मग एका वैशाखात रुक्माबाईचा नवरा हिरासिंग विहिरीजवळच्या लिंबाखाली येऊन बसला. पाटलांच्या शेतावर निघाला होता, पण चालवेना. घोट्यावर फोड फुटला होता आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर आला होता. तो त्याने काडीला गुंडाळून ठेवला होता. रोज बोटभर ओढायचा, जास्त नाही. ओढताना तुटला तर सगळा पाय सडतो. याला नारू म्हणतात. तांड्यात त्या साली नऊ माणसं अशीच काडी धरून बसली होती. पेरणी तोंडावर आलेली, आणि जो उभा राहू शकत नाही त्याला कामावर कोण बोलावणार?

मंजुळाबाईंनी तो किडा पाहिला. दुपारपर्यंत गाव विहिरीवर गोळा झालं.

"आजपासून तांड्याला हिरीचं पाणी बंद," व्यंकटराव म्हणाले. "रोग घेऊन येऊन राहिलेत. बारव हाय की त्यायची, पिऊ द्या खुशाल."

"पाटील, लेकरापुरती एक घागर द्या," रुक्माबाई म्हणाली. "आमी जवळ येत न्हाई. तुमी भरून ठेवा, समदे गेल्यावर नेतो."

"घागर नेशील. आन माघारी काय ठेवून जाशील?"

लोक हसले. हिरासिंगही तिथेच बसला होता, हे कुणाला आठवलं नाही.

नर्मदाबाई हळूच म्हणाल्या, "भाऊजी, माझा नेम आहे."

"मग गाईला पाजा की, वहिनी. गाय काय तहानेली न्हाई?"

"गाईला कुणी अडवलंय?"

मी त्यांच्या हातात होतो. मला वाटलं, आता त्या मला विहिरीत सोडतील आणि भरून काढतील. त्यांनी मला काठावर ठेवलं आणि घरी गेल्या. नेम पुरा होईना म्हणून त्यांनी अन्न सोडलं आणि दुधावर राहू लागल्या. गाव म्हणालं, केवढी निष्ठा. वैशाखी पौर्णिमेपासून जेठातल्या अवसेपर्यंत, दीड महिना, हे असं चाललं. त्या दीड महिन्यात मी गावातल्या घागरी भरल्या, हौद भरला, पाटलांच्या बैलांना पाणी दिलं. ओढ्यापलीकडे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. खरं म्हणजे कुणालाच बघायचं नव्हतं.

मग पटकीची सुई टोचायला एक कंपाउंडर आला. लिंबाखाली बसून त्याने माझ्यातून पाणी घेतलं आणि विचारलं, "तांड्यात इतका नारू आणि गावात एकही नाही. असं कसं?"

"आमी आंघोळ केल्याबिगर हिरीवर पाय ठेवत न्हाई," मंजुळाबाई म्हणाल्या. "ते लोक म्हयना म्हयना अंगाला पाणी लावत न्हाईत. देवीला समजतं समदं."

"देवीला मध्ये घेऊ नका, बाई. तुमच्याकडे हा पोहरा आहे, म्हणून नारू नाही."

"पोहरा तर काकूच्या पुण्याईचा हाय."

"पुण्याईचा असो की लोहाराचा. याला दोर आहे, म्हणून कुणाचा पाय पाण्यात जात नाही. नारूवाल्याच्या पायाची आग होते, म्हणून तो बारवेत पाय बुडवतो. तिथंच नारूची पिल्लं पाण्यात सुटतात. तेच पाणी बाकीचे पितात. पाणी वरून ओढा, दुहेरी फडक्यानं गाळा, नारू संपला. पण आज पोटात गेलेला वर्षानं बाहेर येतो. तोवर कळतसुद्धा नाही."

मंजुळाबाईंनी तोंड वाकडं केलं. गावाचं मत बदललं नाही. आपण चांगले आहोत म्हणून आपले पाय शाबूत आहेत, हे ऐकायला बरं वाटतं. आपल्याकडे दोर आहे म्हणून शाबूत आहेत, हे ऐकायला कुणाला आवडेल?

नर्मदाबाई मात्र उठल्या. त्यांनी माझी गाठ सोडली, दोर गुंडाळून खांद्यावर घेतला आणि मला उचललं.

"वहिनी, दान दिलेली वस्तू परत घेत नसतात," व्यंकटराव आडवे आले. "पाप लागतं."

"लागेल ते मला लागेल, भाऊजी. तुम्हाला दुसरा पोहरा आणायला जवळा बाजार लांब नाही."

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, त्या मला घेऊन ओढा उतरल्या. बारवेच्या पायरीवर रुक्माबाई होती आणि जमनी ओंजळीने पाणी पीत होती. नर्मदाबाईंनी कंपाउंडरचं सगळं सांगितलं. रुक्माबाईने ऐकून घेतलं. आनंद वगैरे काही झाला नाही तिला.

"दीड म्हयना कुठं व्हता, बाई?"

"माझा नेम मोडला होता, रुक्मा. मी अन्न सोडलं होतं. दुधावर होते."

"तुमी दुधावर व्हता. आन आमी कशावर व्हतो, हे काहून नाही इचारलं?"

नर्मदाबाईंनी नेसूच्या धुवट लुगड्याचा पदर फाडला, दुमडला आणि रुक्माबाईच्या घागरीच्या तोंडाला बांधला. बांधताना त्यांची बोटं घागरीला लागली. मध्ये हातभर जागा राहिली नव्हती.

"आता कुणी पाण्यात पाय घालू नका," त्या म्हणाल्या.

"गावानं हिरीवर पाय ठेवू न्हाई दिला, आता तुमी बारवेत बी ठेवू देऊ नका," रुक्माबाई म्हणाली. पण मला तिने घेतलं.

तिने काय केलं म्हणाल, तर रोज काठी घेऊन पायरीवर बसली. हिरासिंगच्या पायाची आग होई, तो बारवेकडे धावे, आणि ती त्याच्यावर काठी उगारी. तांड्यातले बाप्ये तिला कजाग म्हणत. ती मला बारवेत सोडी, भरून काढी, नवऱ्याला लांब बाभळीखाली बसवी आणि तिथे त्याच्या पायावर पाणी ओती. मी इतकं कष्टाचं काम विहिरीवर कधी केलं नव्हतं.

दर पौर्णिमेला नर्मदाबाई येत आणि जमनीचे पाय मांडीवर घेऊन चाचपत. रुक्माबाई शेजारी बसून बघे. दोघी मनात महिने मोजत होत्या. लोकांना वाटे, चांगल्या मैत्रिणी झाल्या. मैत्री कसली? एकीला दुसरीने क्षमा केलेली नव्हती. माघ गेला, चैत्र गेला, वैशाखही गेला. रुक्माबाईच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली.

जेठाच्या चौथ्या दिवशी जमनी म्हणाली, "याडी, पाय जळतो." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. घोट्यावर फोड होता.

पाणी बंद असलेला तो दीड महिना आता तिच्या पायातून बाहेर येत होता. काडी धरायला लेकरू तयार होईना. हिरासिंगने घाईने ओढला आणि नारू तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला. सरकारी दवाखाना वीस कोसांवर, आणि गावातल्या एकानेही नारूच्या पोरीसाठी गाडी जुंपली नाही. नर्मदाबाईंनी देवापुढे रात्रंदिवस दिवा ठेवला. पोरगी जगली, पण गुडघा वाकला तो सरळ झाला नाही.

"बघा," मंजुळाबाई म्हणाल्या, "पोहरा देऊन बी निघालाच की. त्यायच्यात असतंच ते."

पुढच्या साली तांड्यात एकही नारू निघाला नाही. ते मात्र गावात कुणी बोललं नाही. नर्मदाबाईंनी नंतर पाणी घालण्याचा नेम मरेपर्यंत पाळला, रोज बारवेवर येऊन. उपास करणं मात्र त्यांनी सोडलं होतं.

अठ्ठेचाळीस सालच्या हिवाळ्यात, निजामाचं राज्य गेल्यावर, एक नवे अधिकारी पाहणीला आले. मी तेव्हा बिनतळाचा होऊन बाभळीला लटकलेलो होतो. व्यंकटराव वाट दाखवत होते. रुक्माबाई आणि जमनी दुसऱ्या पोहऱ्याने पाणी ओढत होत्या.

"या मुलीच्या पायाला काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"जन्माचीच लंगडी हाय, साहेब," व्यंकटराव म्हणाले. इतकं सहज म्हणाले की मला वाटतं, त्यांना ते खरंच वाटत असावं.

रुक्माबाईने दोर सोडला नाही. मानही वर केली नाही.

"जन्मली तवा दोन्ही पाय बराबर व्हते, साहेब. तीन वर्सं बराबर व्हते. मंग पाटलानं हिरीचं पाणी बंद केलं. कोणत्या पौर्णिमेला केलं ते बी सांगते, लिवून घ्या."

साहेबांनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

मित्रांनो, मला घासून पुसून ठेवा असं मी म्हणत नाही, माझे दिवस संपले. पण तुम्ही मोठे व्हाल, आणि वाकलेला पाय, खोल गेलेले डोळे, खोकणारी छाती दाखवून कुणीतरी तुम्हाला सांगेल की ही माणसं अशीच असतात, घाणेरडी, जन्माची दुबळी. मान हलवू नका. त्या लेकराच्या आईला जाऊन विचारा. तिला तारीख माहीत असते.