फाटकापर्यंत

ब्रिहिदानं कॉफीचा कप पुढे केला, आणि नोराइसानं तो घेतला नाही.

नुसती मान हलवली. बिस्किटांचा डबा पुढे केला, तर त्यालाही हात लावला नाही. मयताच्या सोबतीला मांडवात चाललेला पत्त्यांचा डाव थांबला. भर दुपारची वेळ, ताडपत्रीखाली उकाडा नुसता मी म्हणत होता, आणि गल्लीतल्या झाडून साऱ्या माणसांचे डोळे त्या दोघींवर. शवपेटीच्या झाकणावर कोंबडीचं पिल्लू तांदूळ टिपत होतं. ज्यानं जीव घेतला त्याच्या मनाला असंच टोचत राहावं, म्हणून ब्रिहिदाच्या थोरल्या बहिणीनं, चोलेंगनं, ते मुद्दाम आणून ठेवलं होतं. पेटीत ब्रिहिदाचा मुलगा रेनांते होता. सैन्यात शिपाई होता, मारावीत गोळी लागून गेला. पेटी उघडायची नाही, असं घेऊन आलेल्या जवानांनी बजावलं होतं, म्हणून वर नुसता फोटो.

आणि ही बाई मारावीची. गावात बंदूकवाले घुसले, काळे झेंडे लागले, तशी हजारो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी डोंगर उतरून इथे इलिगनला आली. त्यातलीच ही. बहिणीच्या कुटुंबासकट कुंपणापलीकडच्या दोन खोल्यांत राहायला लागली, तेव्हापासून ब्रिहिदाच्या डोळ्यांत सलत होती. त्या बायकांची डोक्यावरची फडकी, त्यांची पोरं, नळावरची त्यांची भांडी, काही म्हणजे काही तिला खपत नव्हतं. "यांचीच पोरं बंदुका घेऊन बसलीत तिकडे," असं ती नळावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. रेनांतेची बातमी आली त्या संध्याकाळी कुणीतरी त्यांच्या पत्र्यावर दगड भिरकावले. ब्रिहिदानं ते ऐकलं आणि आपली खिडकी लावून घेतली.

"घे की," आता ती म्हणाली. "विष नाही घातलेलं."

"नको, बाई. मी नुसती बसते थोडी." नोराइसानं येताना साखरेची पिशवी आणली होती. ती अजून मांडीवरच होती.

"का? आमच्या हातचं चालत नाही?"

"तसं नाही हो..."

"मग कसं? मयताला येतेस, साखर आणतेस, आणि कपाला शिवत नाहीस! माझा पोरगा तुमचं गाव सोडवायला गेला होता, कळलं? तुमचं गाव! आणि तू माझ्या दारात बसून तोंड फिरवतेस?"

नोराइसाचे कोरडे ओठ नुसतेच हलले. तिनं पेटीकडे पाहिलं, आणि ब्रिहिदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं बाईचा दंड धरला, खुर्चीवरून उठवली, आणि खुर्च्यांच्या मधून तिला ओढतच फाटकापर्यंत नेलं. साखर वाटेत सांडली. नोराइसानं एकदाही हात सोडवायला पाहिलं नाही, आणि त्याचाच ब्रिहिदाला जास्त राग आला.

"नीघ. पुन्हा या दारात पाय ठेवलास तर याद राख."

कडी घालून ती वळली. तिला वाटलं होतं, कुणीतरी 'बरं केलंस' म्हणेल.  पण चोलेंगनं तोंडावर हात धरला होता.

"अगं बये," चोलेंग म्हणाली, "हे काय करून बसलीस?"

"काय केलं? हाकललं तिला."

"हाकललं कसलं! हाताला धरून पोचवून आलीस. मयताच्या घरातलं माणूस कधी पाहुण्याला फाटकापर्यंत जातं का? एवढी म्हातारी झालीस, हे मी सांगू तुला? उठायचं नाही, आभार मानायचे नाहीत, निघणाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. ज्याला पोचवलं, त्याच्याबरोबर मरण जातं त्याच्या घरी."

"जाऊ दे तिच्याच घरी," ब्रिहिदा म्हणाली. "बरंच होईल."

"तिचा एकुलता एक अडकलाय ना तिकडे," पत्ते हातात धरून बसलेला तेबान म्हणाला. हा ब्रिहिदाचा दुसऱ्या बाजूचा शेजारी, ट्रायसिकल म्हणजे मोटारसायकलची रिक्षा चालवायचा, गल्लीतल्या साऱ्या बातम्या याच्याकडे. "म्हाताऱ्या आजीला सोडून निघेना म्हणून मागे राहिला म्हणे. आणि ब्रिहिदा, कॉफीचं म्हणशील तर त्यांचे रोजे चालू आहेत. दिवसा पाण्याचा थेंबसुद्धा नाही घेत ती माणसं."

रमजान चालू आहे हे ब्रिहिदाला काय माहीत नव्हतं? जन्म गेला होता इलिगनमध्ये. पण त्या घडीला डोक्यातच आलं नाही. ती पेटीशेजारच्या खुर्चीत बसली. खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला आतून बरंच वाटलं. तिलाही कळू दे. तिच्याही घरी अशी पेटी येऊ दे. हे वाटलं, आणि लगेच पुढचं दिसलं. उद्यापरवा त्या पोराचं काही झालं, तर कुंपणापलीकडून रडणं ऐकू येणार, आणि आपल्या ह्याच हातानं ते तिकडे धाडलं हे गल्लीभर माहीत असणार. रेनांतेचं दुःख थोडं झालं म्हणून आता हेही उरावर घ्यायचं?

"यावर काही उपाय?" तिनं विचारलं.

"परत आणायची, बसवायची. मग तिची ती एकटी उठून जाईल," चोलेंग म्हणाली. "पण जाऊ दे. आपले नेम त्या लोकांना लागू होत नसतील."

"मग काय, मरण ओळखपत्र बघून येणारेय?" तेबान म्हणाला. "नाक्यावरचा पहारेकरी आहे का ते?"

"तू पत्ते खेळ रे!" चोलेंग कडाडली.

ब्रिहिदा उठली. "मी काही तिच्यासाठी जात नाहीये," ती कुणीही न विचारता म्हणाली.

पलीकडचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाकीची माणसं मदतीच्या रांगेत गेली असावीत. नोराइसा खोलीत जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. हातात काही काम नाही, काही नाही. ब्रिहिदाला पाहून ती चटकन उठली आणि डोक्यावरचं फडकं नीट करायला लागली.

"चल परत," ब्रिहिदा दारातूनच म्हणाली.

"आणखी काही बोलायचं राहिलं का?"

"वाद घालू नकोस. मी तुला फाटकापर्यंत आणून सोडलं, ते आमच्यात चालत नाही. अपशकुन असतो. परत येऊन बस, आणि मग एकटी नीघ. कुणी तुझ्याकडे बघणार नाही, कुणी आभार मानणार नाही. त्याचा राग मानू नकोस, मयताच्या घरी असंच असतं. पण ऊठ आता. तुझ्या पोरासाठी म्हणते आहे."

"जमालोदिनसाठी?"

"जे काय नाव असेल त्याचं."

नोराइसा पुन्हा भिंतीला टेकून हळूच खाली बसली. "तो गेला, बाई," ती म्हणाली. "आजीही गेली. रमजान लागायच्या आदल्या दिवशी. नदीतून पोहून सुटलेला एक माणूस परवा भेटला, त्यानं सांगितलं. गोळी कुणाची होती ते त्यालाही माहीत नाही. तिथेच परसात पुरलंय म्हणे."

ब्रिहिदाच्या छातीवरचा धोंडा उतरला. अगदी उतरला, तिला कळलं तो उतरताना.

"म्हणजे माझ्यामुळे नाही," ती म्हणून गेली.

नोराइसानं तिच्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "तुमच्यामुळे नाही."

ब्रिहिदाला जीभ चावावीशी वाटली. पण बोलून तर बसली होती. ती उंबऱ्यावरच टेकली. पाय आत नाहीत, बाहेर नाहीत.

"परवा कळलं म्हणतेस, तर रडलीस कधी? मध्ये नुसतं कुंपण आहे आपल्या. आम्हाला काही आवाज आला नाही."

"रडून कसं चालेल? घरमालक विचारायला येईल, कोण मेलं. मारावीत तरणा पोरगा मेला म्हटलं की तो कोण होता ते तुम्ही लोक आधीच ठरवून टाकता. बहिणीची लहान लहान मुलं आहेत. त्यांना घेऊन आम्ही जायचं कुठं?" तिचा आवाज कुठेही चढला नाही. "म्हणून तुमच्याकडे आले होते. म्हटलं, तिथे सगळ्याच रडतात. तिथे रडले तर कुणी विचारायचं नाही."

 ह्याच घरमालकाला ब्रिहिदानं दोनदा गाठून सांगितलं होतं, ही माणसं काढ म्हणून. आणि राग अजून गेला होता असंही नाही. ह्या बाईचं गाव नसतं तर रेनांते आज जिवंत असता, हे तिच्या मनातून हलत नव्हतं. तरी ती तिथे बसून राहिली. पलीकडे मांडवात कुणीतरी पत्ते पिसत होतं, ते ऐकू येत होतं.

मग ती उठली. त्याबरोबर नोराइसाही उठली. पाहुणा निघाला की रस्त्यापर्यंत सोबत जायचं, ही त्या लोकांची रीत. घर असं असलं तरी.

"बस तू," ब्रिहिदा म्हणाली.

"फाटकापर्यंत येते की."

"बस म्हटलं ना!" नळावर ओरडायची त्याच आवाजात ब्रिहिदा ओरडली. "सोडायला यायचं नाही. मयताचं घर आहे हे."

नोराइसा मटकन खाली बसली. ब्रिहिदानं दार ओढून घेतलं आणि मागे न बघता आपल्या मांडवात आली.

"काय गं? येते का?" चोलेंगनं विचारलं.

"नाही येत."

"तोरा बघा! एवढं घरी जाऊन बोलावलं तरी..."

चोलेंग बोलता बोलता थांबली. कुंपणापलीकडून आवाज आला होता. तोंडात कापड कोंबल्यासारखा, दबलेला, मग दाबूनही न दबणारा. तेबाननं पत्ते खाली ठेवले. बायकांनी माना वळवल्या.

"कोण गं ते?" चोलेंग कान देऊन म्हणाली. "त्यांच्यात कोण गेलं?"

ब्रिहिदा पेटीवर कोसळली. पिल्लू फडफडत खाली उडालं. तिनं झाकणावर कपाळ टेकलं आणि असा टाहो फोडला की रस्त्यावरचा आइस्क्रीमवाला थबकला. पहिल्यांदा तो नुसता आवाज होता, जोर लावून काढलेला. मग रेनांतेचं नाव तोंडी आलं, आणि पुढे तिला जोर लावावा लागला नाही. बायका धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घालायला लागलं, कुणी तिला धरून उठवायला पाहिलं. पलीकडचं आता काहीच ऐकू येत नव्हतं.

चोलेंगनं सगळ्यांचे हात बाजूला केले.

"रडू द्या तिला," ती म्हणाली. "कुणी थांबवू नका."