जोडीचा विषय

१९३४ साली श्रीवर्धनची गोदू इंटर सायन्स पास झाली. बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घ्यायचं तिचं ठरलेलंच होतं. पण जोडीला दुसरा विषय कोणता, यावरून घरात वाद सुरू झाला.

मार्तंडकाका मुंबईत मुलींच्या शाळेत शिकवत. सुट्टीत आले आणि ओटीवर टेकता टेकताच म्हणाले, "रसायन घे. पास झालीस की आमच्या शाळेत नोकरी नक्की. हेडबाईंशी बोलून ठेवलंय मी."

"मला गणित घ्यायचंय, काका."

"गणित? त्यातच सगळ्यांत कमी मार्क पडले ना तुला?"

"पडले. म्हणूनच घ्यायचंय. पदार्थविज्ञान पुढे गेलं की सगळं गणितातच असतं. ते कळलं नाही, तर नुसते प्रयोग पाठ करून काय करू?"

काका हसले. सुपाऱ्या सोलणारे अण्णा मात्र थांबले. त्यांची स्वतःची शाळा मॅट्रिकच्या आधीच सुटलेली. लेकीची हातची नोकरी जाणार, हे त्यांना दिसत होतं.

"नापास झालीस तर?"

"पुन्हा बसेन, अण्णा."

"मग गणितच घे."

काका तणतणत आत निघून गेले.

कॉलेजात गणिताच्या वर्गात ती एकटीच मुलगी. पहिल्या सहामाहीत ती खरंच नापास झाली. प्रोफेसर समजुतीने म्हणाले, "अजून रसायनाकडे जाता येईल." गोदू गेली नाही. रोज तास संपला की ती अडलेलं विचारायला त्यांच्यामागे जाई. आधी ते वैतागत. पुढे ती दिसली नाही तर तेच चौकशी करू लागले.

शेवटच्या परीक्षेत गोदू पहिल्या वर्गात आली. काकांच्या शाळेतली जागा तोवर भरली होती. तिला त्याचं फारसं वाटलं नाही.

तिला आणायला अण्णा खाडी ओलांडून आगरदांड्याला आले. परतताना दिघीच्या होडीत भागोजी तांडेलाने वल्हं मारता मारता विचारलं, "अण्णा, ताई डाक्टरीण झाली व्हय?"

"नाही रे! पदार्थविज्ञान आणि गणित!" अण्णा इतक्या मोठ्याने बोलले की सगळी होडी वळून बघू लागली.

"म्हंजे काय वो?"

अण्णांना सांगता येईना. "गोदू, तूच सांग," म्हणत ते सरकले आणि तिला मध्ये बसवलं.

गोदू बोलत राहिली. अण्णांचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. ऐकणाऱ्यांचे चेहरे ते एकेक करून बघत होते.