तांबड्या रेषेच्या वर

रिम्मा साव्हेल्येव्नाने टाकीतून लाकडी पट्टी बाहेर काढून हवेत हलवली. पट्टीवर पांढरं हिम धरलं, पण तांबड्या रेषेच्या बरंच खाली.

"कमी आहे?" स्टुलावर बसलेल्या एल्विरा ल्वोव्नाने विचारलं.

"कमी आहे." खोटं बोलणं रिम्माला कधी जमलंच नाही.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी लोक रंगवलेली अंडी घेऊन कबरींवर जातात. एल्विरा मात्र नऊ वर्षं त्या दिवशी मॉस्कोबाहेरच्या या पत्र्याच्या शेडमध्ये येत होती. रिम्मा सांभाळत असलेल्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत, पुढे कधीतरी जिवंत करता येईल या आशेने, अकरा मेलेल्या माणसांचे मेंदू जपलेले होते. त्यांतला एक तिच्या नवऱ्याचा, ग्लेबचा.

नायट्रोजनची गाडी मे महिन्याच्या सुट्ट्या संपल्यावर लगेच येणार होती. त्यावर सगळ्यांनीच माना डोलावल्या होत्या, रिम्मानेही. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी इथे कोणी कामाला हात लावत नाही, हे जन्मभर बघूनसुद्धा! ड्रायव्हर गाडीच्या चाव्या खिशात घालून गावी बटाटे लावायला गेला होता. फोनवर म्हणाला, परवा निघतो. टाकी उद्या सकाळपर्यंत टिकली तरी खूप होतं.

"एकदा ऊब लागली की?" एल्विराने विचारलं.

"मग संपलं. मग विचारण्यासारखं काही उरत नाही."

रिम्माने कोट चढवला आणि गायींचा फार्म गाठला. तीस वर्षं तिने तिथे कृत्रिम रेतनाने गायी भरवल्या होत्या. तिथला मुख्य पाखोम हसला.

"मेलेल्यांसाठी नायट्रोजन? अगं, या कॅनमधल्या नायट्रोजनात माझी पुढची वासरं आहेत."

"बैलांच्या गोठवलेल्या बीजाच्या सगळ्या कांड्या एका कॅनमध्ये मावतात. तू आळशी, म्हणून सातांत ठेवल्यात."

"आणि तुझे ते उठणार आहेत होय?"

"मला काय ठाऊक? वीस वर्षांपूर्वी मेलेल्या बैलाचं वासरू माझ्या हातांनी ओढून काढलंय मी. तेव्हाही तू हसला होतास."

"बीज वेगळं, माणूस वेगळा."

"वेगळाच. म्हणून तर कोणी खात्रीने सांगत नाही. पण आज तू नाही म्हणालास, तर ते उठणार नाहीत, हे उत्तर तू दिलंस असं होईल. देतोस?"

पाखोम डोकं खाजवत वळला. मग ट्रॅक्टर काढायला गेला.

चिखलातून सहा कॅन शेडमध्ये आले. रिम्मा ओतत होती, वाफ तिच्या गुडघ्यांपर्यंत चढत होती. सहावा कॅन रिकामा करून तिने पट्टी बुडवली, काढली, हलवली. हिम तांबडी रेषा ओलांडून दोन बोटं वर आलं होतं. रिम्माने आनंदाने पट्टी एल्विरासमोर धरली.

एल्विरा ल्वोव्नाने रुमाल डोळ्यांना लावला. "एक विचारू? तो उठला तर मला ओळखेल?"

"ते नाही सांगता येणार मला."

"तुमचा विश्वास तरी आहे का?"

"नाही, बाई."

"मग एवढं कशासाठी केलंत?"

"तुम्ही वाट बघताय ना. ती माझ्या हातून तुटायला नको."

दारात पाखोम चिखलाच्या बुटांनी उभा होता. आत यावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

"किती जण आहेत आत?"

"अकरा."

त्याने टोपी काढली. "उद्या कमी पडलं तर सांग," तो म्हणाला आणि रिकामे कॅन उचलायला आत आला; टाकीजवळून जाताना हळू चालला.