किती यायला पाहिजे?

“मास्तर, किती यायला पाहिजे?”

प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली की आमच्या कॉलेजातल्या पोरी चन्नवीरप्पा मास्तरांना एवढंच विचारायच्या. मास्तर वैतागायचे. “मला काय विचारतीस? मीटरच्या काट्याला विचार की.” पोरी ओढणी तोंडाला लावून हसायच्या आणि वरच्या वर्गातल्या कुणाकडून तरी उत्तर आणायच्या. पाच. तारेच्या वेटोळ्याचा रोध पाच ओहम, हे आमच्या गदगात थोरलीकडून धाकटीकडे चालत आलं होतं. उत्तर आधीच ठाऊक, मग मागं मागं जात आकडे भरायचे. विद्युतधारा अर्धा अँपिअर, दाब अडीच व्होल्ट, भागले की पाच. मीटरकडे बघतोय कोण?

मी तिथं संस्कृत शिकवायचे. विजेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मास्तर आमच्याच गल्लीतले, म्हणून हे सगळं कानावर पडायचं. त्यांना मास्तर म्हणायचं एवढंच. होते प्रयोगशाळेतले मदतनीस. उभा जन्म मीटर पुसण्यात आणि तारा जोडण्यात गेला. फार हुशार होते असंही नाही, बीएस्सीत दोनदा नापास झाले होते. पण एक हट्ट होता: काटा दाखवेल तेच लिहायचं. तो हट्ट त्यांनी लेकीच्या, सुमंगलाच्या, डोक्यात पक्का बसवला होता. संध्याकाळी कट्ट्यावर बसून दोघांचं चालायचं.

“सुमा, व्होल्टला अँपिअरनं भागलं तर?”

“रोध.”

“आणि गुणलं तर?”

“शक्ती. वॅटमध्ये.”

“काटा खोटं बोलला तर?”

“काटा कशाला खोटं बोलतोय अप्पा? माणसं बोलतात.”

आतून मास्तरांची बायको शांतव्वा भाकरी थापता थापता म्हणायची, “त्या काट्याशीच लग्न लावा आता तिचं.” तिला लेकीला उजवायची घाई होती. सुमंगला आमच्याच कॉलेजात बारावीला होती, तिला पुढं हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं होतं. मास्तरांनी बायकोला शब्द दिला होता, मार्क पडले तर पोरगी हुबळीला जाईल, नाही पडले तर तू म्हणशील तसं.

परीक्षेच्या तोंडावर कुणा पोरीनं बटण चालू ठेवलं आणि ते वेटोळं जळालं. कपाटात होती त्या तारेचं मास्तरांनी नवीन गुंडाळलं. त्याचा रोध भरला सहा पूर्णांक आठ. त्यांनी विभागप्रमुख अंगडी सरांना सांगितलं. “परीक्षकाच्या उत्तराच्या कागदावर दुरुस्त करून ठेवतो,” सर पान चघळत म्हणाले आणि साफ विसरले.

परीक्षेला घरचंच मूल, म्हणून मास्तरांना त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात बसवलं. दारावर देखरेखीला मी. वेटोळ्याच्या टेबलावर सकाळपासून ज्या ज्या पोरी आल्या त्यांचं उत्तर एकच, पाच. सुमंगला आली, तिनं खाली वाकून दोन्ही मीटर वाचले. अर्धा अँपिअर. तीन पूर्णांक चार व्होल्ट.

बाहेरगावचे परीक्षक तिचा पेपर बघून हसले. “सगळ्या वर्गाचं पाच आणि तुझंच सहा आठ कसं गं?”

“सर, काटा तेवढंच दाखवतोय. तुम्ही बघा की.”

“मी काय बघायचं ते तू सांगणार? जोडणी चुकलीय तुझी.”

टेबल चार पावलांवर होतं. पण परीक्षकांपुढं चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीभजी येऊन निवत होती. ते उठले नाहीत.

मास्तर दारात आले. हात जोडून म्हणाले, “साहेब, तार मी बदललीय. अंगडी सरांना ठाऊक आहे.”

“तुम्ही कोण?”

मास्तर बोलायच्या आत अंगडी सरच म्हणाले, “मुलीचे वडील.”

“मग बरोबर आहे,” परीक्षक म्हणाले. “बाप दुसरं काय सांगणार?”

मास्तर अंगडी सरांकडे बघत राहिले. सर मिरची मोडत होते. सुमंगला तिथंच उभी होती, सगळं ऐकत.

मी नंतर अंगडी सरांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, “तिचं खरं म्हटलं तर बाकी सगळ्या खोट्या ठरतात, बाई. एकीसाठी कॉलेजचा निकाल बुडवू काय?”

“एकीनंच खरं लिहिलं, म्हणून तिलाच बुडवलंत,” मी म्हटलं.

त्यांनी पानाचा डबा माझ्यापुढं केला. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

जेवढे मार्क कापले, तेवढ्यानंच हुबळी हुकली. शांतव्वा म्हणाली, बरं झालं. तिनं एक स्थळ बघितलंही, पण मास्तर तिच्या हातापाया पडले आणि सुमंगलाला गावातच बीएस्सीला घातलं. प्रयोगशाळेत अंगडी सरांनी मास्तरांना हुकूम सोडला, “कागदावर पाच आहे ना? मग तार पाचाची करा.” मास्तरांनी पक्कड घेतली आणि तार कापून पाचावर आणली. त्यानंतर ते कुठल्या पोरीवर वैतागले नाहीत. विचारलं की उत्तर सांगून टाकायचे.

घरी मात्र सुमंगलाला ते पूर्वीसारखंच शिकवायला बसत. एकदा मी दह्याचं भांडं परत द्यायला गेले, तेव्हा दोघं कट्ट्यावर होती. तिला दिव्याची शक्ती काढायची होती. मास्तरांनी बॅटरी, छोटा दिवा, दोन मीटर हौसेनं मांडले होते. कितीतरी दिवसांनी माणूस खुशीत दिसत होता. त्यांनी तारेचं टोक टेकवलं, दिवा लागला, काटे हलले.

“हं सुमा, वाच.”

सुमंगलानं पेनाचं टोपण काढलं. मीटरकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. इतर पोरी विचारतात तसंच तिनं विचारलं.

“अप्पा, किती यायला पाहिजे?”

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि मीटरवर वाकले. मी भांडं कट्ट्यावर ठेवलं आणि घरी आले.