स्क्योनाच्या खोगिराचा खुंटा

मी खुंटा बोलतोय. बोलायची हौस नाही मला. खुंट्याचं काम धरून ठेवायचं, बडबडायचं नाही. पण मागेच लागलात, तर ऐका.

मी समुद्रातून वाहत आलेलं लाकूड. आइसलंडात झाडं कुठली! माझ्या मालकाने, हाल्ब्योर्नने, मला किनाऱ्यावरून उचललं, तासलं आणि तबेल्याच्या भिंतीत ठोकलं. चाळीस वर्षं झाली. आधी त्याच्या स्क्योना घोडीच्या आजीचं खोगीर सांभाळलं, आता स्क्योनाचं. एका घोड्याला एक खुंटा, त्यावरच त्याचा लगाम नि पोटाखालून आवळायचा तंग. खोगीर त्या त्या पाठीवर बसलेलं असतं, दुसऱ्या घोड्याला ते काचतं.

मागच्या उन्हाळ्यात हाल्ब्योर्नची शहरातली सून आली, थुरीदुर. इथे सासऱ्यालाही नावानेच हाक मारतात. कामाला वाघीण.

"हाल्ब्योर्न, काय हा पसारा!"

"पसारा कसला? सगळं हाताशी आहे."

"तुझ्या हाताशी. दुसऱ्याला सापडतं का काही?"

"दुसऱ्याने माझ्या घोडीचं खोगीर शोधायचंच कशाला?"

ऐकते कुठली! लोखंडी मांडण्या आल्या. काळी खोगिरं इकडे, तपकिरी तिकडे, लगाम पलीकडच्या भिंतीला, सगळीकडे चिठ्ठ्या. माझ्यावर ओला रेनकोट. मला नवल वाटायचं, रंग बघून का लावतात ही माणसं? घोड्याच्या पाठीला रंग कळतो?

आणखी एक दिसलं मला. म्हातारा चिठ्ठीला नाक टेकवायचा आणि न वाचताच पुढे जायचा. डोळे गेले होते त्याचे. सगळं चाचपून चालायचं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सप्टेंबरात डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणायच्या असतात आणि त्या कामात एकवीस वर्षं पुढारी तोच. दिसत नाही म्हटल्यावर कोण ठेवेल पुढारी?

मेंढ्या आणायला निघायच्या सकाळी त्याचा हात माझ्यावर आला. रेनकोट लागला. थुरीदुर पलीकडेच होती, विचारायचं ना! नाही. मांडणीवरून चाचपून एक खोगीर उचललं. अरुंद निघालं ते.

दुसऱ्या दिवशी स्क्योनाला हाताने धरून पायी परत आला. तिच्या पाठीवर पंजाएवढी सूज. शेजारचा केतिल म्हणाला, "काय पुढारी, घोडी तुझ्या पाठीवर बसायचीच बाकी होती!"

थुरीदुरचा चेहरा उतरला. म्हणाली, "तो खुंटा सडलाय, म्हणून मी खोगीर हलवलं."

मी? सडलोय? म्हातारा आला, दोन्ही हातांनी मला धरून लोंबकळला. तसूभर हललो नाही मी.

"हा नाही सडलेला," तो म्हणाला. "माझं काय सडलंय ते सांगतो. बस."

आणि डोळ्यांचं सांगितलं. केतिलसमोर.

थुरीदुर रडली. संध्याकाळपर्यंत मांडण्या काढल्या, ज्याचं खोगीर त्याच्या खुंट्यावर गेलं. येत्या सप्टेंबरात ती त्याच्या शेजारून घोडा नेणार आहे. वाट त्याला पाठ आहे, मेंढ्या ती बघेल. केतिलही कबूल झालाय.

माणसं दुखणं इतकी वर्षं लपवून ठेवतात आणि सांगायला पाच मिनिटं लागतात, हे कोडं मला काही सुटत नाही.

तिने घोडीची माफी मागितली, राय धान्याचा पाव चारून. सासऱ्याची मागितली, त्याला पॅनकेक करून घातले. मला सडका म्हणाली, त्याचं काय? रोज माझ्यासमोरून जाते, अवाक्षर काढत नाही. मी वाट बघतोय, थुरीदुर.