प्रौढांच्या दारातला दांडा

मित्रांनो, तुमची डोकी माझ्या ओळखीची नाहीत, पण तुमच्या आईवडिलांची आणि काकामामांची बहुतेक सगळी आहेत. कोण खोबरेल लावत होता, कोण घरातलं करडईचं तेल थापत होता आणि कोण टोपीत वर्तमानपत्राची घडी घालून उंच होत होता, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी एक जुना सागवानी दांडा. चार हात लांब, मनगटाएवढा जाड. आता थोडा बाक आलाय आणि एका टोकाला भेग गेलीय. पण एके काळी कमलनगरच्या टुरिंग टॉकीजच्या दारात माझ्या परवानगीशिवाय कुणी पाऊल टाकत नव्हतं.

माझा जन्म एकोणीसशे एकसष्टचा, म्हैसूर राज्याच्या काळातला. बंडेप्पा सुतारांनी कुणाच्या तरी चौकटीतून उरलेलं लाकूड तासून मला घडवलं. तंबूचे मालक माणिकराव त्यांना म्हणाले होते, "पोरं मोजायला कायतरी पायजे." कारण अर्ध्या तिकिटावरून रोज दारात कल्ला व्हायचा. बंडेप्पांनी दाराच्या दोन खांबांना चार फुटांवर खाच पाडली आणि मला आडवा बसवला. डोकं माझ्या खालून मोकळं गेलं की अर्धं तिकीट, मला लागलं की पूर्ण.

काय सांगू तुम्हाला! घोड्यासारखी वाढलेली पोरं माझ्यापाशी आली की गुडघ्यात वाकायची आणि बदकासारखी चालत आत शिरायची. एकाचे वडील तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबत होते. मी टणकन् डोक्याला लागायचो आणि बापलेक दोघेही ओशाळे व्हायचे. मला त्यात फार मजा वाटे.

पुढे वरची खाच आली. तिची गोष्ट अशी. तंबूवर कधीमधी "फक्त प्रौढांसाठी" अशी पाटी लागायची. एकदा अशाच खेळात एक अधिकारी अचानक आत शिरले आणि त्यांना पहिल्या रांगेत अकरा पोरं सापडली. तंबू पंधरा दिवस बंद. दारावरच्या तिप्पण्णावर सगळं खापर फुटलं. तिप्पण्णा भालकीकडचा, घरात कानडी बोलणारा, अंगात खाकी सदरा आणि हातात बॅटरी. तो बिचारा अधिकाऱ्यांना म्हणाला, "सायब, हितं कुनाला सोताचं वय ठावं हाय? कुनी म्हंतो पोलीस ॲक्शनच्या येळेला मी रांगत होतो, कुनी म्हंतो त्या सालच्या दुष्काळात पाळण्यात होतो. शाळेचा कागद बघावं, तर समद्या गावाचा जन्म एक जूनचा!"

हे खोटं नव्हतं. त्या काळी शाळेत नाव घालायची रीतच तशी होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. गुरुजी लगेच सहा वर्षं मागे मोजून एक जून लिहून टाकायचे. मग तिप्पण्णानं तरी काय करावं? माणिकरावांनी पाच फुटांवर दुसरी खाच पाडून घेतली आणि नियम केला: पाटी लागली की दांडा वरच्या खाचेत. डोकं लागलं तो प्रौढ, नाही लागलं तो घरी. गळ्यात मंगळसूत्र असलेल्या बाईला मात्र मोजायचं नाही, मग ती पंधरा वर्षांची का असेना. आज आठवलं की मलाच लाज वाटते, पण तेव्हा मला हा नियम फार शहाणपणाचा वाटला होता.

आणि गंमत बघा. सोमवारी अर्ध्या तिकिटासाठी वाकलेलं पोरगं गुरुवारी चवड्यांवर डुलत यायचं. चार दिवसांत हातभर वाढायचं! कुणी बापाच्या वहाणा घालून यायचा, कुणी काजळानं मिशी काढून. तिप्पण्णा बॅटरीचा झोत पायांवर मारायचा आणि म्हणायचा, "टाचा टेकव रे मोठ्या मान्सा." मित्रांनो, एवढी धडपड करून आत गेलेली कितीतरी पोरं तोंड पाडून बाहेर येताना मी पाहिली आहेत. तेव्हा चवडे दुखवून घेऊ नका. दार कुठं पळून जात नाही.

मला तेव्हा गर्व चढला होता. पाटलाचा पोर असो की हमालाचा, मला सगळे सारखे, असं मी मनाशी मिरवत होतो. तो गर्व एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या दिवाळीआधी एका पोरीनं उतरवला.

तिचं नाव सरू. भीमनगरच्या रामरावांची थोरली मुलगी. त्या आठवड्यात भुताचा सिनेमा लागला होता, दारावर पाटी होती आणि मी वरच्या खाचेत होतो. सरू धाकट्या भावाला, ज्ञानोबाला, घेऊन पहिल्या खेळाला आली. ज्ञानोबा ताडासारखा. त्याचं डोकं मला असं खणकन् लागलं की तिप्पण्णानंच त्याचं कपाळ चोळलं आणि आत सोडलं. मागून सरू आली. ताठ मानेनं, टाचा टेकवून. तिच्या डोक्यात आणि माझ्यात वीतभर अंतर राहिलं.

"अक्का, लागंना की," तिप्पण्णा म्हणाला. "मागं सर."

"अण्णा, मला अठरा पुरी झाल्यात."

"मी न्हाई म्हनंना. दांडा न्हाई म्हनायलाय."

"दांड्याला काय कळतंय? माझा बाप नागपूरला दीक्षेला गेला होता, त्या दिवशी जन्मले मी. छप्पनचा चौदा ऑक्टोबर. आमच्या वस्तीत कुनालाबी इचारा. दरसाल त्या दिवशी समदी वस्ती सण करती."

मित्रांनो, नीट ऐका. सगळं गाव एक जूनचं असताना त्या रांगेत स्वतःच्या जन्माचा दिवस ठामपणे सांगणारी ती एकटीच होती. आणि मी तिलाच अडवलं होतं.

तिप्पण्णा मऊ आवाजात म्हणाला, "अक्का, कागद हाय का?"

तेव्हा सरूचे डोळे भरून आले. कागद होता, तोच तिचा वैरी होता. लहानपणी तिचा हात आखूड. दोन वर्षं लागोपाठ शाळेत नेलं तरी तो कानाला लागेना. तिसऱ्या वर्षी लागला, आणि गुरुजींनी तिचा जन्म अठ्ठावन्नच्या एक जूनला लिहिला. तिच्याहून सव्वा वर्षानं धाकटा ज्ञानोबा, लांब हातांचा. साडेचाराव्या वर्षीच त्याचा हात कानाला लागला आणि तो छप्पनचा झाला. म्हणजे कागदावर धाकटा भाऊ थोरला, आणि थोरली बहीण सोळा वर्षांची!

एरवी हसण्यावारी गेलं असतं. पण सरू मॅट्रिक झाली होती आणि तिला बिदरला नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं. त्याला अठरा पूर्ण लागत होती. त्याच दुपारी तिथल्या कारकुनानं तिचा फॉर्म परत केला होता, "दोन वर्सांनी ये" म्हणून. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार. आणि दिवाळी झाली की उदगीरचे पाहुणे तिला बघायला येणार होते. रामरावांनी सांगून टाकलं होतं, "शिक्षणाला घेतलं तर पाहुण्यांना नगं म्हणू. पर घेतलंच न्हाई, तर दोन वर्सं घरात बसवून काय करू?" म्हणून ती चिडून सिनेमाला आली होती. निदान तंबूच्या दारात तरी कुणी मोठी म्हणेल, एवढीच तिची आशा होती.

ती बाजूला जाऊन खांबाला टेकून उभी राहिली. मी लाकूड, पण मला माझी जागा नकोशी झाली.

एवढ्यात रांगेतून एक गृहस्थ पुढं आले. डोक्यावर काळी टोपी, तोंडाभोवती मफलर, फक्त डोळे उघडे. थंडी काही एवढी नव्हती. ते मान खाली घालून सटकणार, तोच तिप्पण्णानं हात आडवा केला.

"मफलर काढा. टोपीबी काढा."

"तिप्पण्णा, ओळखलं नाहीस का मला?" गृहस्थ कुजबुजले.

"वळकलो गुरुजी. पर नियम म्हंजे नियम."

शाळेचे मुख्याध्यापक बंडोपंत गुरुजी! मफलर सुटला, टोपी निघाली आणि दिव्याखाली तुळतुळीत टक्कल चमकलं. रांगेतून एका सुरात आवाज आला, "नमस्ते गुरुजी!" निम्मी रांग त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांची. गुरुजी लालबुंद होऊन माझ्याखाली उभे राहिले. आणि काय सांगावं, त्यांचं टक्कल माझ्यापेक्षा दोन बोटं खाली राहिलं. टोपीनं इतकी वर्षं झाकलं होतं ते!

"गुरुजी, लागंना," तिप्पण्णा हात जोडून म्हणाला.

"अरे, माझी नात पाटी घेऊन शाळेत जाते! मी पन्नाशी ओलांडलेला माणूस!"

"व्हय गुरुजी. कागद हाय का?"

बहीण का आली नाही म्हणून बघायला ज्ञानोबा दाराशी आला होता. तो आतूनच ओरडला, "गुरुजी, हात डोक्यावरून कानाला लावून दाखवा की!"

रांग फुटून हसली. माणिकराव तिकिटांच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून हसले. मीही हसलो असतो. पण सरू हसली नाही. ती पुढं आली, गुरुजींना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "गुरुजी, तुमचं डोकं दांड्याला लागलं न्हाई, तर तुमचा एक सिनेमा बुडंल. माझा हात कानाला लागला न्हाई, तर माझी दोन वर्सं बुडाली. ती कुनी परत द्यायची?"

हसणं थांबलं. मग फॉर्म कसा परत आला, शुक्रवार कसा तोंडावर आहे, हे तिनं चार वाक्यांत सांगितलं.

गुरुजींनी टोपी हातातच धरली. "सरू, इथं उभं राहिल्यावर मला एका मिनिटात राग आला. तू दहा वर्षं त्या तारखेखाली उभी आहेस," ते म्हणाले. "चूक माझी आहे. उद्या सकाळी रामरावांना घेऊन शाळेत ये. रजिस्टर काढतो, चुकीचं पत्र लिहून देतो आणि औरादला तहसीलदारांपुढे शपथेवर सांगायलाही येतो."

तिप्पण्णानं एकदा माणिकरावांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. तेव्हा त्यानं मला दोन्ही खाचांतून उचलून चक्क बगलेत मारलं आणि म्हणाला, "जावा अक्का. जावा गुरुजी." दारात उघडं आभाळ राहिलं. माझ्या जन्मात मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

पण तिप्पण्णा हुशार. "थांब अक्का. तू छप्पनची, तर तुझा ह्यो धाकटा भाऊ कवाचा?"

सरूनं भावाकडे बघितलं. खरं सांगण्यासाठीच एवढं भांडली होती ती. "त्याला सतराबी पुरी न्हाईत, अण्णा."

"अक्के!" ज्ञानोबा कळवळला. "कामून सांगायलीस ते!"

त्याची कॉलर धरून त्याला बाहेर काढण्यात आलं. पूर्ण खेळभर तो तिप्पण्णाच्या स्टुलाशेजारी शेंगा फोडत आणि आतल्या किंकाळ्या ऐकत बसला. मध्यंतरात सरू त्याच्यासाठी सोडा घेऊन आली. "ज्ञानू, भुताच्या पायात कॅन्व्हासचे बूट दिसायलेत," ती म्हणाली, "आन् गुरुजी मफलर डोळ्यांवर घेऊन बसलेत." तो इतका हसला की सोडा नाकातून आला.

गुरुवारी संध्याकाळी फॉर्म बिदरला पोचला. तहसीलदारांपुढे गुरुजींनी स्वतःची चूक मोठ्यानं वाचून दाखवली, असं रामराव तंबूच्या दारात येऊन सगळ्यांना सांगत होते. उदगीरचे पाहुणे चहा पिऊन परत गेले. पुढच्या जूनमध्ये नावं घालायला गुरुजी घरोघरी हिंडले. कोणता सण होता, कोणतं पीक उभं होतं, असं विचारून त्यांनी प्रत्येक पोराची वेगळी तारीख लिहिली.

माझी नोकरी आणखी दहा वर्षं चालली. मग गावात व्हिडिओ आला, तंबूची कनात विरली आणि माणिकरावांनी सामान मोडीत काढलं. मी पत्र्यांखाली तीन पावसाळे भिजत पडलो. बाक आला तो तेव्हाचा. एके दिवशी सरूबाई नर्स माहेरी आल्या आणि तिप्पण्णाकडून मला मागून घेतलं. बसच्या टपावरून मी कमठाण्याच्या आरोग्य केंद्रात आलो. त्यांनी माझ्या भेगेत तेल मुरवून मला छताशी पक्कं बसवलं आणि मला तान्ह्या बाळांच्या वजनाचा काटा टांगला.

आता रोज बाळं झोळीत घालून मला लटकवतात. परवा राजूबाई नावाच्या एक आजी नात आणि तिच्या आईला घेऊन आल्या. मूठभर जीव, काटा जेमतेम हलला. आजी म्हणाल्या, "एवढुशी हाय, हिचं काय लिव्हता बाई?" सरूबाईंनी बाळाच्या आईला जन्माची वेळ विचारली आणि दिवस, महिना, साल, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, असं सगळं ठळक अक्षरात लिहिलं. "ती एवढुशी असली तरी तिचा दिवस पुरा हाय, आजी," त्या म्हणाल्या. झोळीतली पोर माझ्या खाली हळूच हलली आणि मला भरून आलं.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. मला वाळवीपासून जपा, वर्षाकाठी तेलाचा एक हात द्या. बाळांचा भार उचलायला मी अजून भक्कम आहे. पण कोण लहान आणि कोण मोठं हे ठरवायला मला पुन्हा कुणाच्या वाटेत आडवा लावू नका. माणूस समोर उभं आहे. त्यालाच विचारा.